मोबाइल शाळेत आला. घरी अभ्यास कोणी घ्यायचा?

गेल्या रब्बीत हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवायला एका गावी गेलो होतो. काम आटोपले. घरच्या वहिनींनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “साहेब, बियाण्याचं समजलं. आता पोराचं सांगा. चौथीला आहे. मोबाइलवर अभ्यास आहे म्हणतो आन् तास तास घेऊन बसतो. अभ्यास करतो की आणखी काय, मला कसं कळायचं? मला तर ते यंत्र धड लावताही येत नाही.”

मुलगा उंबऱ्यावरच होता. त्याला जवळ बोलावले.

“काय बघितलंस रे आज?”

“अपूर्णांकाचा व्हिडिओ.”

“पाव म्हणजे किती?”

“एक छेद चार,” उत्तर ताडकन आले.

टोपल्यातली भाकरी त्याच्या हाती दिली. “हिचा पाव भाग तोडून दे.” पोर भाकरीकडे बघत राहिले. तेव्हा वहिनी पुढे झाल्या. भाकरी मधोमध मोडली, अर्धकोर पुन्हा मोडली. “हा बघ पाव. कोरभर भाकरी रोज मागतोस की!” पोराचा चेहरा खुलला. म्हणाले, “म्हणजे दोन पाव मिळून अर्धी!”

शेतकरी बंधुभगिनींनो, मोबाइल लावता न येणाऱ्या आईने मोबाइलचा अर्धा राहिलेला धडा पुरा केला. आज सांगायचे आहे ते हेच.

गावच्या शाळेने काय करून दाखवले

हे तंत्र शहराचे, आपले नव्हे, असे कोणी समजू नये. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी ठसा. त्यावर मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा चित्रांसह दिसतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथे ठशाच्या मागे एक शिक्षक उभा होता. कोणत्या मुलाला काय अडते, हे पाहून तो साहित्य तयार करीत होता. ठिबकचा संच बसवला म्हणून ऊस आपोआप वाढत नाही. गाळणी धुवावी लागते, नळ्यांची टोके सोडून गाळ काढावा लागतो. मोबाइलचेही तसेच आहे.

तण आणि पीक

ग्रामीण भागातील शिक्षणाची ‘असर’ नावाची पाहणी होते. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारले, मागच्या आठवड्यात स्मार्टफोनवर काय केले? अभ्यासासाठी वापरला असे शंभरात ५७ मुलांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ निघाली. ही मुले वयाने थोडी मोठी, पण सवयीची पेरणी लहानपणीच होते. पाणी तेच, खत तेच. निगराणी नसली तर तण पिकाच्या वर जाते.

यावर सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने उपाय काढला. ऑगस्ट २०२२ पासून तेथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. मुले अभ्यासाला बसायची. नियम एकट्या मुलांना नव्हता, मोठ्यांनाही होता. म्हणून तो रुजला.

घरी काय करावे?

‘दीक्षा’ हे सरकारी ॲप फुकट मिळते. ते मोबाइलवर घ्यावे आणि पुस्तकातील ठशावर कॅमेरा धरावा. त्या विषयाचे साहित्य समोर येते. वस्तीवर रेंज नसेल, तर रेंज असेल तेथे व्हिडिओ उतरवून घ्यावा. मग घरी इंटरनेटशिवाय पाहता येतो. हे जमत नसेल तर गुरुजींना किंवा बाईंना विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

मोबाइल चारचौघांत, ओसरीवर बघू द्यावा, गोधडीत नको. एका वेळी एकच धडा. तो संपला की मोबाइल कोनाड्यात ठेवावा आणि पाहिले ते वहीत लिहायला लावावे.

सर्वांत मोठे काम पुढेच आहे. मुलाला सांगावे, “आता मला शिकव.” आपल्याला लिहिता-वाचता येत नसले तरी बिघडत नाही. लिटर शिकला असेल तर दुधाचे माप हातात द्या. लांबी शिकला असेल तर वाफा मोजायला लावा. टक्के शिकला असेल तर शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा आणि किती उगवले ते त्यालाच मोजू द्या. त्याला सांगता आले, करून दाखवता आले, तर अभ्यास झाला. नाही आले, तर नुसती करमणूक झाली.

हरभऱ्यावरची मर पाहायला त्याच गावी पुन्हा गेलो. वहिनी म्हणाल्या, “साहेब, आता रोज सांजच्याला चुलीपुढं बसून पोरगा मला शिकवतो. मला नाही समजलं तर त्याला परत बघावं लागतं.”

असा अभ्यास घ्यायला शाळा शिकलेली आई लागते असे नाही. अर्धा तास मुलाजवळ बसणारी आई किंवा बाप लागतो. आज संध्याकाळी एवढे करून पाहावे.