आधी ब्रेक, मग दिवे!



दिवाळीच्या सुट्टीत मी रत्नागिरीला ताईकडे गेले होते. माझा भाचा आठवीत आहे. त्याच्याकडे जाड टायरची सायकल आहे. हल्ली तुमच्यापैकी पुष्कळांकडे असते ना, तशीच! चाकं मोटारसायकलसारखी, रंग झगझगीत, किंमत मात्र बेताची. मी चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच स्वारी पुढ्यात हजर.

"मावशी, माझे खाऊचे पैसे साठलेत. चाकांना रंगीत दिवे लावायचेत. तू आईला सांग ना!"

मी 'सांगते' म्हणणारच होते, तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या चपलांकडे गेलं. डावी चप्पल धड होती, पण उजवीची टाच पार झिजून गेली होती.

"हे रे कशानं?"

स्वारी गप्प. पण त्याची तिसरीतली बहीण पटकन बोलून गेली, "दादा उतारावर पाय घासून सायकल थांबवतो. काल मला दांडीवर बसवलं होतं ना, तेव्हापण!"

माझ्या पोटात धस्स झालं. त्यांच्या गल्लीचा उतार थेट मोठ्या रस्त्याला मिळतो आणि त्या रस्त्यावरून एसटी गाड्या धावत असतात. मी अंगणात जाऊन ब्रेक दाबून पाहिले. दोन्ही ब्रेकच्या दांड्या सरळ मुठीला टेकल्या. म्हणजे ब्रेक होते, पण नावापुरते!

मग आम्ही ठरवलं, की आधी सायकल दुरुस्त करायची. दिव्यांचं नंतर बघू.

आता तुम्ही विचाराल, ही जाड टायरची सायकल आली तरी कुठून? अमेरिकेतल्या अलास्का या बर्फाळ प्रांतातून. १९८७ साली तिथे 'इडिटाबाइक' नावाची बर्फावरची सायकल शर्यत सुरू झाली. साधी चाकं बर्फात रुतायची. म्हणून काही हौशी लोकांनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाकं बनवली. पुढे २००५ मध्ये सर्ली या कंपनीची 'पग्स्ली' ही जाड टायरची सायकल बाजारात आली आणि हा प्रकार जगभर पसरला. उंटाचं पाऊल पसरट असतं, म्हणून तो वाळूत रुतत नाही. इथेही तेच तत्त्व! भाट्याच्या पुळणीवर माझा भाचा मजेत सायकल चालवतो, ते याच्याच जोरावर.

पण या सायकलींचं वजन बरंच असतं. स्वस्तातली सायकल १८-२० किलोच्या घरात सहज जाते. जड वस्तू उतारावरून सुटली, तर थांबवायला ब्रेकही तसाच सज्ज हवा. तेव्हा पहिलं काम ब्रेकचं.

चाकाच्या मधोमध पातळ पोलादी चकती असते, ती डिस्क. ब्रेक दाबला, की तार ओढली जाते आणि दोन पॅड या चकतीला चिमटीत पकडतात. पुष्कळ स्वस्त ब्रेकांत एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. त्या स्थिर पॅडचा स्क्रू हळूहळू फिरवून पॅड चकतीच्या जवळ आणा. मध्ये कागद जाईल एवढीच फट ठेवा. मग तार जिथे बोल्टने आवळलेली असते, तो बोल्ट सैल करून ढिली तार पकडीने ओढा आणि बोल्ट पुन्हा घट्ट करा. चाक उचलून फिरवा. ते न घासता फिरलं पाहिजे आणि ब्रेक दाबताच जागीच थांबलं पाहिजे.

आम्ही पॅड काढून पाहिले, तर त्यांचा थर एक मिलिमीटरसुद्धा उरला नव्हता. तारही गंजली होती. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातले चाचा म्हणाले, "पॅड आणि तार नवीनच घाला. मी एक चाक करून दाखवतो, दुसरं तुम्ही करा." आणि खरंच, मागचं चाक आम्ही दोघांनी मिळून केलं! शाळेत फळ्यावर चाकं काढणारी तुमची ही बाई पहिल्यांदाच पाना धरत होती, बरं का.

दोन गोष्टी कधीही विसरू नका. चकतीला आणि पॅडला तेलाचा थेंबही लागता कामा नये, नाहीतर ब्रेक धरणार नाही. आणि उतार उतरून आल्यावर लगेच चकतीला हात लावू नका. ती चांगलीच तापलेली असते.

दुसरं काम बोल्ट तपासण्याचं. पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल वळवून पाहा. हँडल एकटंच वळलं, तर त्याचे बोल्ट आवळायला हवेत. चाकांचे नटही पाहा. पेडलची एक गंमत आहे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात! मग लक्षात कसं ठेवायचं? सोपं आहे. पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवला, की दोन्ही पेडलं घट्ट होतात.

तिसरं काम हवेचं. जाड टायरला साध्या सायकलपेक्षा खूप कमी दाबाची हवा लागते. टायरच्या बाजूला आकडा छापलेला असतो, त्याच्यापुढे जायचं नाही. मऊ वाळूत थोडी हवा कमी करा आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरा. पंक्चर मात्र आपल्या नेहमीच्या पद्धतीनेच काढायचं. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधा. ती जागा पुसून कोरडी करा, पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन लावा. ते वाळू द्या आणि मगच ठिगळ दाबून बसवा. काटा अजून टायरमध्येच नाही ना, हे आधी पाहा हं!

चौथं काम चेनचं. समुद्रावरून आलात, की सायकल गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करा. मग चेनला थेंब थेंब तेल द्या आणि वरचं जास्तीचं तेल फडक्याने पुसून टाका. तेलकट चेनवर वाळू चिकटते आणि चेन लवकर झिजते.

पालकांनो, मुलांनी केलेलं ब्रेकचं काम एकदा तुम्ही स्वतः तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. पुढचं चाक जराही फिरता कामा नये. मग मागचा ब्रेक दाबून ढकला, मागचं चाक फरफटलं पाहिजे. चाक वेडंवाकडं फिरत असेल किंवा तारा तुटल्या असतील, तर सायकल सरळ दुकानात न्या. ते काम सरावाचं आहे.

हो, दिव्यांचं काय झालं, ते राहिलंच! पॅड आणि तारांचा खर्च जाऊन थोडे पैसे उरले. त्यात पुढे एक पांढरा दिवा आणि मागे एक तांबडा दिवा आला. रंगीत दिवे आता पुढच्या दिवाळीला.

निघायच्या दिवशी भाच्याने मला उतारावर नेलं. सायकल हळूहळू खाली आणली आणि मोठ्या रस्त्याच्या अलीकडे अलगद थांबवली. दोन्ही पाय पेडलवरच होते.

आता एक काम करा. हा अंक बाजूला ठेवा आणि आपल्या चपलांच्या टाचा बघून या!