कराचा परतीचा मार्ग

निपाणीच्या तंबाखूवर 1943 साली केंद्रीय अबकारी बसली. कर देणे आम्हांस ठाऊक आहे. तो परत कोणत्या वाटेने येतो, हे शिक्षकबंधूंसही क्वचितच ठाऊक असते. पुण्याचे कुलगुरुपद भूषविलेल्या धनंजयराव गाडगीळांनी योजना-साहाय्याच्या वाटणीचे सूत्र 1969 मध्ये दिले: लोकसंख्येस 60 टक्के भार, राज्याच्या करप्रयत्नास 10. करांचा वाटा मात्र वित्त आयोग ठरवितो, आणि कंपनीकर 2000 च्या घटनादुरुस्तीपर्यंत त्या वाट्याबाहेरच होता! आता तो आत आहे. म्हणूनच 2019 मध्ये त्याचा दर 30 वरून 22 टक्क्यांवर आला, तेव्हा राज्यांसही झळ लागली. पंधराव्या आयोगाने वनांस 10 टक्के भार दिला. तेव्हा खानापूरचे रानही कर्नाटकाच्या तिजोरीत भर घालते. राणी चन्नम्मा विद्यापीठाचे अनुदान त्याच तिजोरीतून निघते. रानाचा पैसा तेथवर किती पोचतो, हे अंदाजपत्रक उघडून आम्हीच पाहावयास हवे.