वास केव्हा येतो? जुन्या मोटारीतील पेट्रोलगळतीचा शोध

जुन्या पेट्रोल मोटारीला पेट्रोलचा वास यायचाच, ही समजूत वाहनधारकांत आणि गॅरेजांतही इतकी रुळलेली आहे, की वास हे दुखणे न मानता गाडीचा स्वभाव मानला जातो. या समजुतीत थोडे तथ्य आहे. अलीकडच्या मोटारींत टाकीतून निघणारी वाफ कोळशाच्या कणांनी भरलेल्या डब्यात शोषून घेतली जाते आणि इंजिन सुरू झाल्यावर तेथून ओढून जाळली जाते. जुन्या मोटारींत अशी सोय नसल्याने टाकीचा आणि कार्बोरेटरचा श्वास थेट बाहेरच्या हवेत सुटतो, आणि म्हणून बोनेट उघडताच किंचित वास येणे हे अशा गाडीत स्वाभाविकच आहे. परंतु आसनावर बसलेल्या माणसाला जाणवणारा, कपड्यांना लागणारा किंवा बंद शेडमध्ये रात्रभरात साचणारा वास हा स्वभाव नव्हे. कोठे तरी पेट्रोल किंवा त्याची वाफ नको त्या वाटेने बाहेर पडत असल्याचा तो पुरावा असतो, आणि ती वाट सापडेपर्यंत तो गंभीरपणेच घ्यावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्यात जतन करून ठेवलेली जुनी मोटार म्हटली, की तीन नावे प्रथम समोर येतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन मोटारीवरून घडलेली पद्मिनी ही पहिली. मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावर उत्तरपाड्यात २०१४पर्यंत तयार होत राहिलेली अ‍ॅम्बेसेडर ही दुसरी. आणि महिंद्राची पेट्रोल जीप ही तिसरी. तिघींचा इंधनमार्ग मुळात साधा आहे. टाकीतून लोखंडी नळी पुढे येते, पंप पेट्रोल ओढतो, आणि कार्बोरेटर त्याचे हवेशी मिश्रण करून ते इंजिनला देतो. या मार्गावर लोखंड जेथे रबराला, बुचाच्या पॅकिंगला किंवा पातळ पडद्याला भेटते, तो प्रत्येक सांधा संशयित ठरतो.

वासाकडे दुर्लक्ष का करू नये, हे पेट्रोलच्या गुणधर्मांवरून कळते. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती वर उडून न जाता जमिनीलगत, डिकीच्या तळाशी किंवा दुरुस्तीच्या खड्ड्यात साचते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते. आणि हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ टक्क्यांवर गेले, की डिस्ट्रिब्युटरमधली किंवा बॅटरीच्या सैल तारेवरची एक ठिणगी पुरेशी होते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन हा कर्करोगकारक घटक अल्प प्रमाणात असतोच. माणसाचे नाक हा वास अतिशय सूक्ष्म प्रमाणातही टिपते, पण काही मिनिटांतच त्याला सरावते. त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याला जो वास जाणवत नाही, तो पाहुण्याला दार उघडताच जाणवतो, आणि अशा वेळी पाहुण्याचेच म्हणणे ग्राह्य धरावे.

शोधाचा आरंभ बहुतेक ठिकाणी चुकतो, कारण वास कोठून येतो हा प्रश्न आधी विचारला जातो आणि मग पंप, कार्बोरेटर, नळ्या असे एकेक सुटे भाग बदलणे सुरू होते. वाफ हवेच्या प्रवाहाबरोबर फिरत असल्याने नाकाला ती जेथे भेटते तेथे गळती असेलच असे नाही. त्याआधी विचारण्याचा प्रश्न म्हणजे वास केव्हा येतो. टाकी भरल्यावर, गाडी पळत असताना, घाट चढून थांबल्यावर, की रात्रभर उभी राहिल्यावर, एवढे नीट टिपून ठेवले तरी संशयितांची संख्या निम्म्यावर येते.

टाकी फुल्ल केल्यानंतर एक-दोन दिवस वास येतो आणि पेट्रोल अर्ध्यावर आले की नाहीसा होतो, ही तक्रार उन्हाळ्यात विशेष आढळते. पंपावरील पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून तुलनेने थंड असे येते. मलकापूर, नांदुरा, खामगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील गावांत मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जात असल्याने, उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याहूनही अधिक तापते. दर अंशामागे पेट्रोलचे आकारमान हजारात सुमारे एक भाग वाढते. म्हणजे ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले, तर जवळजवळ पाऊण लिटर जादा पेट्रोलला जागा हवी असते. ती नसली की ते झाकणाच्या झिजलेल्या वायसरमधून, भरण्याच्या नळीला टाकीशी जोडणाऱ्या तडकलेल्या रबरी होजमधून किंवा टाकीच्या माथ्यावरील पेट्रोलमापकाच्या पॅकिंगखालून बाहेर येते. हे पॅकिंग जुन्या गाड्यांत पुष्कळदा बुचाचे असते. गाडी कित्येक महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली की ते सुकून आकसते, त्यामुळे तीच टाकी काठोकाठ भरल्यावर मापकाभोवती ओल दिसू लागते. गाडी खाली वाकून तपासणाऱ्याला ही ओल दिसत नाही, कारण ती वरच्या बाजूस असते. जीपमध्ये तर टाकी चालकाच्या आसनाखालीच बसवलेली असल्याने तेथला प्रत्येक पाझर थेट चालकापर्यंत पोहोचतो.

गाडी उभी असताना नसलेला वास वेग धरल्यावर येतो, तेव्हा इंजिनाकडे नव्हे तर मागे पाहावे. धावत्या मोटारीच्या पाठीशी हवेचा दाब कमी होतो, काचा उघड्या असल्या तर आतली हवा बाहेर खेचली जाते, आणि तिची जागा घेण्यासाठी डिकीच्या फाटलेल्या रबरातून किंवा तळाच्या गंजलेल्या छिद्रांतून मागची हवा आत शिरते. मेहकर किंवा सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना असा वास आला, तर डिकीतील टाकीचे सांधे आणि डिकीचे रबर असे दोन्ही तपासावे लागतात. केवळ रबर बदलल्याने वास थांबेल, पण गळती तशीच राहील.

जिल्ह्याच्या भूगोलाचा खरा संबंध येतो तो कार्बोरेटरशी. मलकापूर-मोताळ्याकडून राजूर घाटाने किंवा खामगावकडून बोथा घाटाने बुलढाण्याला येणारी गाडी सुमारे ४०० मीटर चढते. या उंचीने हवेच्या दाबात पडणारा फरक किरकोळ असतो. त्रास होतो तो खालच्या गिअरमध्ये, कमी वेगाने, पूर्ण जोर लावून तापलेल्या इंजिनामुळे. माथ्यावर इंजिन बंद केले की त्याचा पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि पाण्याचे अभिसरण दोन्ही थांबतात, आणि पुढची १५-२० मिनिटे बोनेटखालची उष्णता उतरण्याऐवजी वाढते. पेट्रोलमधील सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागत असल्याने कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल खदखदते, जेटमधून इंजिनात सांडते आणि वाफ बोनेटखाली पसरते. अ‍ॅम्बेसेडरच्या पेट्रोल इंजिनात कार्बोरेटर धूर वाहून नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या वरच्या अंगालाच असल्याने तेथील उष्णतारोधक जाड पॅकिंग आणि पत्र्याची ढाल जागेवर असणे फार महत्त्वाचे. दुरुस्तीत काढलेली ही ढाल पुन्हा न बसवल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मात्र सकाळी, इंजिन थंड असतानाही कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल, तर दोष उष्णतेचा नाही. वाटीत पेट्रोलची पातळी फ्लोट आणि त्याला जोडलेली सुई मिळून राखतात; पातळी चढली की फ्लोट उचलला जातो आणि सुई वाट बंद करते. टाकीतील गंजाचा बारीक कण सुईच्या बैठकीवर अडकला, सुईचे टोक झिजले, किंवा पितळी फ्लोटला सूक्ष्म छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले, की ही वाट बंद होत नाही. फ्लोट कानाशी धरून हलवल्यास आतले पेट्रोल डुचमळताना ऐकू येते, आणि दूर अन्यत्र तापवलेल्या पाण्यात तो बुडवला तर छिद्राच्या जागी बुडबुड्यांची बारीक रेघ उठते. एवढ्या सोप्या तपासणीने उघड होणाऱ्या दोषासाठी अखंड कार्बोरेटर टाकून द्यावा, हे खेदजनक आहे, कारण मूळ कार्बोरेटर आता सहजासहजी मिळत नाहीत.

गेल्या काही वर्षांत वासाच्या तक्रारींमागे इथेनॉल हे एक नवे कारण उभे राहिले आहे. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे देशातील आरंभीचे प्रयोग २००१ साली झाले, तेव्हा निवडलेल्या ठिकाणांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड होती. २०२२मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२३पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर यांची रबरे ज्या काळात घडली, त्या काळी या मिश्रणाचा विचारच झालेला नव्हता. इथेनॉलने जुने रबर आधी फुगते, मऊ पडते आणि पुढे तडकते. पंपाचा पडदा ताठर होतो. आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने बराच काळ उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचून पत्रा आतून गंजतो. म्हणून नळी बदलताना स्वस्त पारदर्शक प्लॅस्टिकची नळी न घेता इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुरोइलास्टोमर जातीच्या अस्तराची नळी घ्यावी. हा खर्च टाळणे म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा त्याच गळतीपाशी येणे होय.

यांत्रिक पंपाची गळती सर्वांत फसवी असते. त्याचा पडदा फाटला की काही पेट्रोल पंपाच्या पोटाशी असलेल्या छोट्या छिद्रातून बाहेर ठिबकते, पण काही वेळा ते सरळ इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. बाहेर थेंबही दिसत नाही, आणि ऑइलची पट्टी काढली की पातळी वाढलेली दिसते आणि पट्टीला पेट्रोलचा वास येतो. पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही, त्यामुळे अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये.

प्रत्यक्ष तपासणी मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर आणि बॅटरीची ऋण बाजूची तार काढून करावी. उजेडासाठी तारेचा बल्ब नव्हे, तर बंदिस्त टॉर्च वापरावी. सुकलेले पेट्रोल पिवळसर-तपकिरी डाग मागे ठेवते, म्हणून प्रथम डाग शोधावेत, ते पुसावेत आणि संशयित सांध्यांवर खडूची भुकटी फासावी. पाझर असल्यास पांढऱ्या भुकटीवर ओलीची रेघ उमटते. टाकीच्या पत्र्यालाच छिद्र असेल, तर ती काढून पूर्ण रिकामी करूनही तिला थेट वेल्डिंग लावणे जीवघेणे ठरते, कारण भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा स्फोटाला अधिक पोषक अशा प्रमाणात असते. टाकी वारंवार धुऊन, वाफ घालवून, या कामाचा अनुभव असलेल्या कारागिराकडेच द्यावी. ती पुन्हा बसवल्यावर पाव टाकी पेट्रोलवर घेतलेली चाचणी पुरत नाही. टाकी नेहमीच्या पातळीपर्यंत भरून, गाडी एकदा घाट चढवून आणि त्यानंतर उघड्या जागी रात्रभर उभी ठेवून, सकाळी तेच सांधे पुन्हा पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.