एकविसावी शाखा: व्हीपीएनचे बोगदे आपोआप कसे बांधले जातात?

व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधूनच दोन ठिकाणांमध्ये काढलेला कुलूपबंद बोगदा, इतकं आपल्याला माहीत आहे. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा: बोगदे खूप झाले, तर ते बांधायचे कुणी?

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. समजा, एका पतपेढीच्या चार शाखा आहेत: दादर, परळ, लालबाग, गिरगाव. प्रत्येक शाखा दुसरीशी थेट जोडायची, तर ६ बोगदे लागतात. शाखा २० झाल्या की बोगदे होतात १९०. एकविसावी उघडली की आणखी २०. बरं, प्रत्येक बोगद्याला दोन टोकं. दोन्हीकडे समोरच्याचा पत्ता, चावी, कुणाला आत घ्यायचं याचे नियम, सगळं हाताने भरायचं. एक आकडा चुकला की बोगदा उभा राहत नाही. ते परवडलं, कारण लगेच कळतं. पण नियम सैल राहिला, तर बोगदा व्यवस्थित चालतो आणि नको त्यालाही आत घेतो. ही चूक महिनोन्‌महिने कुणाला दिसत नाही.

इथे सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्किंग, म्हणजे एसडीएन, कामाला येतं. रेल्वेचं बघा. पूर्वी सांधेवाला रुळांपाशी जाऊन सांधे बदलायचा. आता ते काम नियंत्रण कक्षातून होतं. रूळ जागच्या जागी, निर्णय मात्र एका ठिकाणी. राउटरही दोन कामं करतो: मार्ग ठरवणं आणि डेटा पुढे ढकलणं. एसडीएनमध्ये ठरवण्याचं काम काढून कंट्रोलर नावाच्या सॉफ्टवेअरकडे दिलं जातं. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ओपनफ्लो’ मांडलं, तिथून या विचाराला जोर आला. शाखा जोडण्यासाठी हाच विचार बाजारात एसडी-वॅन नावाने मिळतो.

आता गिरगावात नवी शाखा उघडली असं धरा. तिथला कर्मचारी राउटरची वायर लावतो, एवढंच त्याचं काम. राउटर कंट्रोलरला गाठतो, आपलं प्रमाणपत्र दाखवतो. कंट्रोलर यादीत बघतो: हा आपलाच आहे का? असेल तर राउटर चाव्यांची जोडी तयार करतो. खासगी चावी त्याच्याकडेच राहते, सार्वजनिक चावी कंट्रोलर बाकीच्या शाखांना वाटतो. नियम एकाच साच्यातून सगळीकडे जातात. राउटर चोरीला गेला? यादीतून नाव काढलं, की बाकीच्या शाखा त्याच्यासाठी दार बंद करतात.

यासाठी वायरगार्डसारखी प्रणाली सोयीची पडते. मार्च २०२० मध्ये, आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरी बसलो त्याच आठवड्यात, ती लिनक्स ५.६ बरोबर कर्नलमध्ये आली. तिची मांडणी मोजक्या ओळींची असते. मात्र चाव्या वाटण्याचं काम तिने मुद्दाम स्वतःकडे घेतलेलं नाही. ते कंट्रोलरने करायचं.

*(श्रोत्यांमधून प्रश्न: कंट्रोलरच बंद पडला तर?)*

चांगला प्रश्न. नीट बांधलेल्या व्यवस्थेत उभे असलेले बोगदे चालू राहतात. नवी शाखा जोडणं, चाव्या बदलणं तेवढं थांबतं. खरी भीती वेगळी आहे. कंट्रोलर चालू आहे, पण त्याने चुकीचा हुकूम दिला तर? ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक सहाएक तास बंद होतं. तो व्हीपीएनचा मामला नव्हता, पण धडा हाच आहे. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशाने कंपनीचं अंतर्गत जाळंच तुटलं. असा आदेश अडवणारं सॉफ्टवेअर होतं, पण त्यातच दोष होता.

हाताने केलेली चूक एका शाखेपुरती राहते. कंट्रोलरची चूक एकविसाव्या शाखेपर्यंत एका क्षणात पोचते. म्हणून बदल आधी एका शाखेत करून बघा. बिघडलं तर जुनी मांडणी आपोआप परत यावी, अशी सोय ठेवा. कंट्रोलरवर मोजक्याच लोकांचा हात असू द्या. आणि राउटरपर्यंत पोचायची एक वेगळी वाट राखून ठेवा. एकशे नव्वद कुलपं तुम्ही एका कपाटात ठेवलीत. आता त्या कपाटाला कुलूप कुणाचं, हे आधी ठरवा.