रक्त पातळ ठेवण्याची गोळी
बिघडलेला ताल : भाग 4

‘काळजात धडधडता’ म्हणत आलेल्या माणसाचा ईसीजी कसा दिसतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. औषधाने ठोके 150 वरून 90 वर आले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण खरा धोका पुढे आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, डाव्या बाजूच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात. या आजारात तो धोका सुमारे पाचपट होतो.

म्हणून रक्त ‘पातळ’ करण्याची गोळी. खरं तर रक्त पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो. यातली जुनी गोळी वॉरफरिन. तिचा शोध सडक्या चाऱ्यातून लागला. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत तो चारा खाल्लेली गुरं रक्तस्राव होऊन मरत होती. त्यातल्या द्रव्याच्या अभ्यासातून आधी उंदीर मारायचं औषध निघालं, आणि 1954 मध्ये तेच माणसांसाठी मान्य झालं. हे वाचून कुणी गोळी बंद करू नये. फरक मात्रेचा आहे, आणि मात्रा ठरते आयएनआर या रक्ततपासणीवर. बहुतेकांचा आकडा 2 ते 3 मध्ये राहायला हवा.

हा आकडा फार चटकन हलतो. पावसाळ्यात टाकळा, शेवग्याचा पाला रोज ताटात आला, तर त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वामुळे तो उतरतो. भाजी सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. उलट जुलाबांवर सर्रास घेतली जाणारी मेट्रोनिडाझोल त्याला वर ढकलते. ताल सांभाळणारी अमिओडॅरोनही तेच करते. अंगदुखीची साधी गोळी आकडा फारसा न हलवताही पोटात रक्तस्राव घडवू शकते.

आपल्या बांद्याची अडचण इथेच आहे. आपला रुग्ण कधी सावंतवाडीला जातो, कधी ओरोसला, आणि बऱ्याचदा पत्रादेवी ओलांडून बांबोळीला. कागद तीन ठिकाणी विखुरलेले. तापासाठी किंवा मोडलेल्या हातासाठी भरती झाल्यावर डॉक्टर विचारतात, कोणती औषधं चालू आहेत? उत्तर येतं, ‘एक बारीक गोळी आसा, रातची.’ तेवढ्यावर कमरेत इंजेक्शन टोचलं जातं आणि स्नायूत रक्त साकळतं.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, मग सगळ्यांना त्याच का नाहीत? लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजून आहेत. 24 देशांतल्या साडेचार हजार रुग्णांवरचा इन्व्हिक्टस अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा हृदयविकारात जुन्या पद्धतीच्या गोळीवर असलेल्यांत मृत्यू कमी झाले. कुणी ‘नवीन चांगली’ म्हणून परस्पर बदलत असेल, तर त्याला अडवा.

शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरून डोकं आपटलं, तर बाहेर रक्त दिसलं नाही तरी सीटी स्कॅनसाठी लगेच निघा. गाडीत बसतानाच सांगा की रक्ताची गोळी चालू आहे. वॉरफरिनचा परिणाम उलटवायला ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन असतं, पण त्याला तास लागतात; तातडीला प्लाझ्मा किंवा रक्त गोठवणारे घटक द्यावे लागतात.

पुढच्या भागात डिगॉक्सिन, आणि त्याच्यामुळे होणाऱ्या उलट्या.