एका कार्बाइनची तपासणी, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा

सकाळी साडेसात. ओहायोतल्या डेटनजवळच्या आमच्या कार्यशाळेत दिवसाचं पहिलं काम नोंदवहीचं. अमेरिकेत परवानाधारक कारागिराकडे जे शस्त्र रात्रभर राहतं त्याची नोंद ठेवावीच लागते: कोणाचं, कोणत्या कंपनीचं, अनुक्रमांक काय, कधी आलं, कधी परत गेलं. काल संध्याकाळी आलेली एम-१ कार्बाइन आज टेबलावर घ्यायची आहे. मालकाला ती काकांकडून वारशाने मिळाली. क्लबात नेमबाजीसाठी वापरायचा विचार आहे, पण अधूनमधून अडकते म्हणतात. प्रश्न त्यांनी एका वाक्यात विचारला, "ही भरवशाची आहे का?" त्याचं उत्तर द्यायला मला अख्खा दिवस लागतो.

आठ वाजता. आधी मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचा आणि मग बोटानेही चाचपायचा. मालक "रिकामी आहे" म्हणाले होते, तरीही. मग बाहेरची पाहणी. रिसीव्हरवर नाव इनलँडचं. जनरल मोटर्सचा हा विभाग याच डेटन शहरात होता आणि सर्वांत जास्त एम-१ कार्बाइन त्याच्याच कारखान्यातून निघाल्या. नळीवर मात्र अंडरवूडचा शिक्का, म्हणजे टाइपरायटरवाल्यांचा. चापाच्या घरावर विंचेस्टरची खूण. संग्राहक अशी सरमिसळ पाहिली की नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ही कार्बाइन अमेरिकी लष्करासाठी २२ ऑक्टोबर १९४१ रोजी मंजूर झाली आणि १९४५ पर्यंत ६० लाखांहून जास्त तयार झाल्या. बनवणाऱ्यांत ज्यूकबॉक्सचे रॉक-ओला होते, आयबीएम होती, टपालाची यंत्रं करणारी कंपनी होती. कारखाने एकमेकांना सुटे भाग पुरवत, आणि त्या पुरवठ्याचा मेळ घालायला खास समिती नेमलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शस्त्रागारांत हजारो कार्बाइन सोडवून पुन्हा जोडल्या, तेव्हा कोणाचा बोल्ट कोणाच्या रिसीव्हरमध्ये गेला हे कोणी पाहिलं नाही, आणि पाहायची गरजही नव्हती. भाग अदलाबदल करता यावेत हीच मूळ अट होती. टाइपरायटरवाल्यांची नळी मोटारवाल्यांच्या रिसीव्हरमध्ये बसते आणि चालते, या गोष्टीचं मला अजूनही मनापासून कौतुक वाटतं.

साडेआठ ते साडेदहा. पूर्ण सोडवणं. पुढचा बँड सैल करून नळी-रिसीव्हर कुंद्यातून वर उचलला. अक्रोडाच्या लाकडाने तेल भरपूर प्यायलेलं आहे, भेग नाही. मागच्या रिकॉइल प्लेटशी रिसीव्हरची टाच घट्ट बसते. तिथे खेळ असता तर नेम प्रत्येक गोळीला भटकला असता.

बांधणीची प्रत ठरवताना लोक चकाकी बघतात. या रिसीव्हरच्या बाहेरच्या अंगावर कटरचे ओरखडे सरळ दिसतात. स्लाइडच्या खालच्या बाजूला तर कोणी पॉलिशचा हातही फिरवलेला नाही. पण बोल्टचे लग ज्या खाचांत फिरून अडकतात तिथे बोट फिरवा, स्लाइडची कॅम-वाट बघा: तिथे काम नितळ आहे, कडा एकसारख्या आहेत. घाई होती, माणसं नवी होती, त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात कधी बंदूक बनवली नव्हती, तरी अचूकपणा नेमका कुठे हवा हे रेखाचित्रावर ठरलेलं होतं. पिंपरीच्या टूलरूममध्ये माझ्या वस्तादांनी हेच शिकवलं होतं: आधी विचार, हा पृष्ठभाग कोणाला टेकतो? उलट गुळगुळीत, निळ्याशार झळाळीच्या कार्बाइनही मी पाहिल्या आहेत. युद्धानंतर बाजारासाठी बनलेल्या अशा काही बंदुकांचे भाग सरकारी भागांशी जुळत नाहीत; ती झळाळी बघून भुललेल्या मालकाला सुटा भाग मिळता मिळत नाही.

मग गॅसचा पिस्टन. या बंदुकीचा जीव तिथे आहे. गोळी नळीतून जाताना चेंबरजवळच्या बारीक भोकातून थोडा गॅस खाली येतो आणि छोट्या पिस्टनला ढकलतो. पिस्टन जेमतेम साडेतीन मिलिमीटर सरकतो. कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगटीला द्यावा तसा स्लाइडला एक टोला देतो आणि थांबतो. पुढचं सगळं काम स्लाइड त्या वेगावर करते. ही कल्पना डेव्हिड मार्शल विल्यम्स यांची. उत्तर कॅरोलिनात खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात असतानाच ते बंदुकांवर काम करू लागले होते. १९५२ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, जेम्स स्टुअर्ट नायक होते, आणि तेव्हापासून अख्खी कार्बाइन एकट्या विल्यम्सची अशी समजूत पसरली. खरं तर ती विंचेस्टरच्या अनेक अभियंत्यांच्या मेहनतीची आहे, आणि त्यांची नावं पुसली जाणं मला अन्यायाचं वाटतं.

नळी पुढे-मागे कलती केली तर पिस्टनचा टिकटिक आवाज यायला हवा. आला. म्हणजे पिस्टनला धरून ठेवणारा नट उघडायचा नाही. उगाच उघडणाऱ्यांनी जितके नट बिघडवले तितके गंजाने बिघडले नसतील. हा भाग सहज सोडवता येत नाही म्हणूनच या काडतुसांत सुरुवातीपासून न गंजवणारे प्रायमर वापरले गेले.

साडेदहा. रिकॉइल स्प्रिंग मोजली. नवी असती तर सव्वादहा इंचांच्या आसपास भरली असती, ही साडेनऊ. वहीत लिहिलं, पण बदलली नाही. आजार पाहण्याआधी औषध दिलं तर नक्की कशाने गुण आला ते कळत नाही.

अकरा. गेज. हे काडतूस जवळजवळ सरळ आहे, त्याला खांदा नाही. ते चेंबरमध्ये आपल्या तोंडाच्या कडेवर टेकतं. त्यामुळे पितळी नळकांड्याची लांबी आणि चेंबरची खोली यांचा मेळ, म्हणजेच हेडस्पेस, फार महत्त्वाचा. बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर काढून घेतले, नाहीतर स्प्रिंगचा दाब खोटं माप दाखवतो. "गो" गेजवर बोल्ट बोटाच्या हलक्या स्पर्शाने मिटला. "नो-गो"वर मिटला नाही. ८० वर्षांच्या चेंबरचं हे उत्तर ऐकून बरं वाटलं. नळीच्या तोंडाशी मात्र थोडी झीज आहे. या बंदुकीची नळी मागून साफ करता येत नाही, सळई तोंडाकडूनच घालावी लागते, आणि दोन पिढ्यांच्या सळया तिथे घासल्या आहेत.

शेवटी सुरक्षेच्या चाचण्या. घोडा चढवून अंगठ्याने जोरात मागून दाबला, सुटला नाही. सेफ्टी लावून चाप ओढला, सोडला, मग सेफ्टी काढली. घोडा जागचा हलला नाही. बोल्ट पूर्ण फिरून बसल्याखेरीज फायरिंग पिन पुढे येत नाही हेही पाहिलं. यातलं एकही नापास झालं असतं तर दुपारी रेंजवर जायचा प्रश्नच नव्हता.

साडेबारा. डबा, चहा.

दीड वाजता रेंजवर. कानाला मफ, डोळ्यांवर चष्मा. सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच गोळी, मग दोन, मग पाच. एका चापाला एकच गोळी सुटते ना, याची खात्री झाल्यावर पूर्ण पंधरा. मॅगझिनं माझी, पारखलेली, रिकॉइल स्प्रिंग जुनीच. तिसऱ्या मॅगझिनच्या मध्यात बोल्ट अगदी थोडा उघडा राहिला. अंगठ्याने ढकलला तर मिटला. पुढे पुन्हा एकदा तसंच. नवी स्प्रिंग टाकली आणि तीच मॅगझिनं, त्याच डब्यातली काडतुसं पुन्हा चालवली. एकदाही अडकली नाही.

आता मालकाची मॅगझिनं. पंधरा गोळ्यांचं एक चाललं. दुसरं बिनछापाचं, हल्लीचं. त्याचे ओठ एका बाजूला पसरलेत आणि गोळी नाक खाली करून अडकते. तिसरं तीस गोळ्यांचं. ते भरलं की पुढे झुकतं, आणि इथे खोट मॅगझिनची नाही. तीस गोळ्यांचं मॅगझिन १९४४च्या अखेरीस आलेल्या याच कार्बाइनच्या एम-२ आवृत्तीसोबतचं. त्याचं वजन पेलायला त्याच्या अंगावर एक जादा उंचवटा आहे आणि त्याला आधार देणारी नवी कडी लागते. या बंदुकीला कडी जुनीच आहे. असे दोन निर्दोष भाग एकत्र येऊन बिघाड करतात, आणि दोष बिचाऱ्या बंदुकीवर येतो. कोरियाच्या युद्धात कडाक्याच्या थंडीत कार्बाइन अडकत असल्याच्या तक्रारी आल्या. घट्ट झालेलं तेल आणि थकलेल्या स्प्रिंगा यांचा त्यात किती हात असेल, असं अशा दुपारी मनात येतं.

शंभर यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांच्या आत बसल्या. नळीच्या तोंडाची झीज धरून मला हे पुरेसं आहे.

साडेचार. साफसफाई. बोल्टच्या लगवर आणि स्लाइडच्या वाटेत ग्रीसचा पातळ हात, पिस्टनला तेलाचा थेंबही नाही.

साडेपाचला मालकांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे काकांची बंदूक खराब नव्हती तर." नव्हती, असं सांगितलं. मग अहवालात लिहिलं: हेडस्पेस योग्य, पिस्टन मोकळा, सुरक्षेच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण, रिकॉइल स्प्रिंग बदलली, जुनी पिशवीत सोबत, बिनछापाचं मॅगझिन वापरू नये, तीस गोळ्यांचं मॅगझिन नवी कडी बसवल्याशिवाय वापरू नये, सळई घालताना तोंडाशी मार्गदर्शक टोपी लावावी. कडीची मागणी उद्या सकाळी पाठवतो.