बांधावरून बघायचे, तर दुर्बीण कोणती घ्यावी?



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी आणि खोडव्याची निगा यांबद्दल लिहितो. या खेपेस दुर्बिणीबद्दल लिहितोय म्हणून हसू नका. कारण सांगतो.

गेल्या हंगामात एका सभासदाच्या आडसाली फडावर दुसऱ्या दिवशी तोड सुरू व्हायची होती. टोळीच्या कोप्या फडाच्या कडेलाच पडलेल्या, पोरंबाळं उघड्यावर खेळत होती. दिवस मावळताना ओढ्यापलीकडच्या बांधावर काहीतरी येऊन बसले. कोणी म्हणे बिबट्या, कोणी म्हणे कुत्रे, कोणी रानमांजर. माझ्याजवळ जत्रेत हौसेने घेतलेली दुर्बीण होती, वर मोठ्या अक्षरात ‘६०×६०’ छापलेली. डोळ्याला लावली तर नुसता काळा ठिपका थरथरत होता. तेवढ्यात सभासदाच्या मुलाने आपली साधी ८×४२ दुर्बीण हातात दिली. लांब शेपूट, अंगावरचे ठिपके आणि पायाशी पिल्लू, सगळे स्वच्छ दिसले. बिबट्याची मादी होती. कोप्या रात्रीच गावाजवळ हलवल्या, वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवले, आणि त्यांच्या सल्ल्याने दोन दिवस तोड थांबवली. मादी पिल्लू घेऊन निघून गेली. कोणाला ओरखडाही आला नाही.

ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो. आडोसा, पाणी आणि वस्तीवरची कुत्री, सगळे जवळ. म्हणून मादी फडातच विते. अकोले तालुक्यातील शेतीच्या पट्ट्यात बिबटे कायमचे राहतात, हे विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. तेव्हा लांबून नीट बघता येणे ही आता निव्वळ हौस राहिलेली नाही.

आकड्यांचा अर्थ

८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. एवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. तिन्हीसांजेला आपली बाहुली साधारण तेवढीच उघडते. १०×२५ च्या खिशातल्या दुर्बिणीत हा झोत अडीचच मिलिमीटर, म्हणून संध्याकाळी अंधारून दिसते. माझ्या ६०×६० चा आकडा खरा धरला, तरी झोत एक मिलिमीटर! १०×५० चांगली, पण जड, आणि पट वाढली की हाताचा कापही वाढतो. शेतकऱ्याला ८×४० किंवा ८×४२ बरी.

दुकानात काय बघावे

१. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात दिसणारा पांढरा ठिपका गोल हवा. कडा कापल्यासारख्या, करड्या दिसल्या तर आतली काच हलकी समजावी.
२. ‘फुली मल्टिकोटेड’ असे लिहिलेले असावे. लालभडक भिंगाची आणि झूमची घेऊ नये.
३. चष्मा असेल तर ‘आय रिलीफ’ १५ मिलिमीटरच्या पुढे हवा. डोळ्याकडचे रबर खाली दुमडून किंवा फिरवून बघा.
४. पाच मिनिटे सलग बघा. डोके जड झाले तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती परत करा.

आजच्या भावाने साधारण आठ ते बारा हजारांत कामाची दुर्बीण मिळते. या पैशात बाहेरून बाक असलेली ‘पोरो’ जातीची दुर्बीण चित्र चांगले देते. सरळ नळ्यांची आटोपशीर असते आणि तिच्यात पाणी न शिरणारी सहज मिळते. पावसात वापरायची असेल तर ती बघा.

निगा

काच उपरण्याने पुसू नका, धुळीने ओरखडे पडतात. आधी ब्रशने धूळ झटका, मग मऊ फडके. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. सूर्याकडे कधीही रोखू नका, डोळे जातील.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दुर्बीण जनावराजवळ जाण्यासाठी नव्हे, लांब राहण्यासाठी आहे. अंधारात ती काही दाखवीत नाही. रात्रीच्या लाईटवर पाणी धरायला जाताना बॅटरी, काठी आणि जोडीला माणूस हवाच.

आणि बिबट्या रोज थोडाच दिसतो? उंदरांचा वैरी असलेले गव्हाणी घुबड बघा. हिवाळ्यात पोराबाळांना घेऊन भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघून या. पैसे वसूल होतात.

ज्यांच्या घरी दुर्बीण पडून आहे, त्यांनी ती गट ऑफिसला घेऊन यावी. आपण मिळून तपासू. माझी जत्रेतली तिथेच ठेवली आहे, कशी नसावी हे दाखवायला.

— ऊस विकास अधिकारी